आतून वाटलं

परीक्षक सकाळी दहालाच आला आणि बसचालक घडवणाऱ्या शिक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसला.

"आजवर परीक्षेतही बटण तुम्हीच दाबायचात. आज मी दाबणार," तो म्हणाला. "निम्मे नापास झाले तर वर्ग बंद आणि तुम्ही घरी."

घरी शिक्षकाचं कुणी नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात एक कप होता आणि एक फ्रिज. त्यातला फ्रिज तेवढा आवाज करायचा.

वर्गात खोटी बस होती. स्टेअरिंग खरं, ब्रेक खरा, समोर पडद्यावर रस्ता. मागे बसलेल्याने बटण दाबलं की उभ्या ट्रकच्या आडून एक बाई रस्त्यात यायची. शिक्षक समजावून काही सांगत नसे. "डोकं चालवू नका. हजारदा करा, अंगात आपोआप भिनेल," एवढंच. आणि भिनलं होतं. दोन वर्षांत त्याच्या एकाही विद्यार्थ्याने त्या बाईला धक्का लावला नव्हता.

आज पहिल्याने तिला सरळ उडवलं. दुसऱ्यानेही. तिसऱ्याने उडवून वर शिस्तीत सिग्नल देऊन वळण घेतलं.

"हेच का ते भिनलेलं?" परीक्षकाने विचारलं.

ती बाई चालता चालता पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, थेट बायकोसारखी. चौथा विद्यार्थी बसला तेव्हा शिक्षकाला पुढचं बघवेना. त्याने मान खाली घातली आणि उसासा टाकला. चौथ्याने करकचून ब्रेक दाबला. रस्ता रिकामा होता. बटण अजून दाबलंच नव्हतं.

"का थांबलास?"

"आतून वाटलं, साहेब."

परीक्षकाने चौथ्याला बस पुन्हा पुढे घ्यायला लावली. मग म्हणाला, "सर, पुन्हा एकदा उसासा टाका बघू."

"असा मागितला की येत नाही हो तो."

"बघा तरी."

शिक्षकाला घरातला कप आठवला. उसासा आला. बस थांबली.

"बटण दाबण्याआधी रोज हे करता?"

"मला काय माहीत?"

परीक्षक विद्यार्थ्यांकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. नऊच्या नऊ नापास झाले.

संध्याकाळी शिक्षक आपला डबा आणि खुर्चीवरची उशी घेऊन बसमध्ये चढला, चालकाच्या मागच्याच सीटवर बसला. रस्ता मोकळा होता. आपली गल्ली जवळ आलेली दिसली आणि त्याच्या तोंडून उसासा निघून गेला.

बस जागच्या जागी थांबली. उभी असलेली माणसं एकमेकांवर कोसळली. डोक्यावर कुणाचं तरी कोपर बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "कुणी शिकवलं रे तुला?"

चालकाने आरशात पाहिलं. "अरेच्चा, सरच की," तो आजींना म्हणाला. "यांनीच."

मग तो पुन्हा समोर बघू लागला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्याचा पाय ब्रेकवरून हलेना.

"सर, पुढे काय आहे?"

"काही नाही रे," शिक्षक म्हणाला. "पुढे काही नाही. चल."