पोटचा रेझिस्टन्स

"जायकवाडीच्या कालव्यात पाणी कुठं मुरतंय हे ज्यानं तीस वर्षं नुसत्या नजरेनं ओळखलं, त्याच्यापासून गुन्हेगार काय लपणार?" अशी आपली ओळख मुकुंदकाका स्वतःच करून देत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. तिन्ही हरवलेल्या चपलांची. पैकी दोन जोड त्यांच्याच पायात सापडले.

स्वरालीला हे ठाऊक होतं. पण चार वाजता कॉलेजातल्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत, आठ महिन्यांची निशा सकाळपासून झोपायला तयार नाही, आणि नवरा अमेय वाळूजच्या कारखान्यात, मोबाइल गेटवर जमा करून. अशा वेळी माणूस खालच्या मजल्यावरच्या चुलतसासऱ्यांनाही हाक मारतो.

निशा झोपायची ती अमेयनं घरीच जोडलेल्या सिंथेसायझरच्या पेटीवर. बटण पाचवर ठेवलं की भुंग्यासारखा सूर घुमायचा आणि पोरीचे डोळे मिटायचे. आज पाचवर पेटी शिट्टीसारखी किंचाळली. पाठोपाठ निशाही. त्यात फ्रिजवर, दुधाच्या वेळापत्रकाशेजारी, अमेयची चिठ्ठी: 'पोटचा रेझिस्टन्स कमी केलाय. पाचवर नेऊ नको, तीनवर ठेव.'

काकांनी चिठ्ठीचा वास घेतला. "पोटचा म्हणजे पोटच्या पोरीचा. रेझिस्टन्स म्हणजे प्रतिकारशक्ती. सूनबाई, हा कबुलीजबाब आहे."

स्वराली एमएस्सी होती, पण वनस्पतिशास्त्रात. तिनं निशाचा ताप नवव्यांदा मोजला. ताप नव्हताच, थर्मामीटर तेवढा दमला होता.

तीनवर पंखा ठेवायचा, असं काकांनी ठरवलं. पंख्यानं पुरावाच सोफ्याखाली नेला. मग तीन म्हणजे तीन वाजता, असा निष्कर्ष निघाला. तीन वाजले. निशा टक्क जागी. पेटीलाही लागण झाल्याचं काकांनी वहीत टिपलं.

पावणेचारला भांडी घासायला पैठणकडच्या सखूबाई आल्या. काकांनी लगेच जबाब घ्यायला सुरुवात केली. सखूबाई शांतपणे म्हणाल्या, "काल सांजच्याला दादांनी पॉटाला डाग दिला. म्या पाहिलं ना."

स्वरालीला ऐकू आलं 'पोटाला', म्हणजे तापल्या सळईचा डाग. तिनं निशाचं झबलं वर केलं. पोट गोरंगोमटं, गुबगुबीत.

"तिचं पोट नाय ओ ताई, पॉट. पेटीच्या बटणाखाली असतंय ते. पाचवर लई खरखरत होतं म्हणून दादांनी त्याच्या शेजारी एक बारका रेझिस्टर चिकटवला, कथलाचा डाग देऊन. म्हणले, आता तोच आवाज तीनवर येतोय."

पदराला हात पुसून त्यांनी बटण तीनवर आणलं. भुंगा घुमला. 'पॉट'वर चंद्र द्यायचा तिथं मात्रा दिली, एवढाच अमेयचा गुन्हा.

चारला तीन मिनिटं असताना निशा झोपली.

मुलाखत नीट चालली होती. मध्येच पडद्यावरच्या बाईंनी कान टवकारले. मागं काही मशीन सुरू आहे का, असं त्यांनी विचारलं.

स्वरालीनं हळूच वळून पाहिलं. सूर आता दोन येत होते. दुसरा सोफ्यावरून, तपासाची वही छातीवर ठेवून.

"हो मॅडम. जुनं आहे. त्याला बटण नाही."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "असू द्या. आमच्याकडंही एक आहे."