मागच्या ट्रॉलीचं मिक्सिंग

तोंडात भाकरीचा घास असल्याशिवाय भानुदासभाऊ कोणत्याही चालीला हो म्हणत नाहीत. नवी चाल घेऊन कुणी आलं की ते आधी डबा उघडतात, भाकरी-पिठल्याचा मोठा घास गालात दाबतात आणि मग ती चाल गुणगुणून बघतात. घास गिळायच्या आत चाल नाकातून बाहेर आली तर ठीक. अडकली, तर पाणी पितात, हात धुतात आणि समोरच्याला सांगतात, "न्हाई जमलं. मानूस दिवसभर गात न्हाई, दिवसभर काम करतंय. काम करता करता जे तोंडात येतंय ते कमर्शियल. बाकीचं समदं भाषण."

चौसाळ्यात हायवेच्या कडेला जे गाळे आहेत, त्यातले दोन एकमेकांना पाठ लावून उभे आहेत. एकात माझं ब्युटी पार्लर, दुसऱ्यात भानुदासभाऊंचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, त्यावर पोती आणि पोत्यांवर जुन्या वाकळा. तरी आवाज जायचा तो जातोच, आणि तो सगळा माझ्याकडे येतो. नवरी मुलगी डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून शांत पडलेली असते आणि भिंतीतून कुणाच्या तरी वाढदिवसाचं 'वाघ आला, वाघ आला' दुपारभर चालू असतं. एक नवरी तर लेप तोंडावर तसाच ठेवून उठली आणि मला म्हणाली, "ताई, हा वाघ जाणार कधी?"

मी स्वभावाने गोड वगैरे नाही. तडक उठले आणि भांडायला गेले. भानुदासभाऊंनी कानावरचा हेडफोन काढला, मला पुरतं बोलू दिलं आणि विचारलं, "ताई, भिंतीपल्याड काय ऐकू येतंय? ढोलकी का शब्द?"

"शब्द. सगळे शब्द. पाठ झालेत माझे."

माणसाचा चेहरा असा उजळला, की मी पुढचं भांडण विसरले. त्यांनी मला हात जोडले आणि चहा मागवला. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक गाण्याची एक परीक्षा माझ्या पार्लरमध्ये होते. ते पलीकडून भिंत वाजवतात आणि ओरडतात, "काय म्हणतंय?" आपण "छान आहे" म्हटलं तर चिडतात. "छान हाय का, ते कुठं इचारलं? काय म्हणतंय ते सांगा."

ह्या प्रश्नाने त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडलाय. मोबाईलवर बीट बनवून आणणारी पोरं त्यांच्याकडे सल्ला मागायला येतात. प्रत्येकाला आपलं गाणं लग्नाच्या वरातीत वाजवून हवं असतं, तेही ह्याच सीझनला. भाऊ ऐकतात, डोळे मिटतात आणि पोराला म्हणतात, "गाण्यात आवाज म्हंजी नवरदेव, ढोलकी-ऑक्टोपॅड वऱ्हाड. वऱ्हाडानं नवरदेव झाकला तर लगीन कुनाचं चाललंय ते कळंल का?" मग ते ढोलकी खाली ओढतात. पोराचा जीव तिळतिळ तुटतो. तो म्हणतो, "भाऊ, निदान इको तरी वाढवा." भाऊ म्हणतात, "इको म्हंजी पानी हाय. कालवणात पानी वाढवलं की पावणे जेवत्यात, पण परत येत न्हाईत."

सूर सरळ करायचं सॉफ्टवेअरही त्यांच्याकडे आहे. ते वापरायला त्यांची ना नाही. "इस्त्री मारावी. पण कापडच जळालं तर घालायचं काय?" ज्याला मुखड्याच्या आधी लांबलचक वाद्यं हवी असतात, त्याला ते दारापर्यंत नेतात, हायवेवरचा एक ट्रक दाखवतात आणि तो दिसेनासा झाला की म्हणतात, "तुमचं गाणं अजून सुरू व्हायचंय. गिऱ्हाईक मांजरसुंब्याला पोचलं."

असं सगळं ऐकून ऐकून मलाही खुमखुमी आली. मी लिहीत होतेच, गुपचूप. एक दिवस धीर केला आणि त्यांना माझं गाणं दिलं. 'विरहाच्या वाटेवरती आसवांची रांगोळी' अशी सुरुवात होती. मला ती फार आवडायची. भाऊंनी कागद दोनदा वाचला.

"ताई, पार्लरात गिऱ्हाईकाशी तुमी असंच बोलता का?"

"नाही."

"मग गान्यात कावून बोलता?"

मला राग आला आणि तो बरेच दिवस टिकला. भिंत वाजली की मी मुद्दाम हेअर ड्रायर चालू करायचे. पण बोललेलं डोक्यातून जाईना. दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला निघतात, त्याआधी एक बाई भुवया कोरून घ्यायला आली. मी दोरा लावला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते येतंच. ती म्हणाली, "ताई, दारातल्या शेवंतीला कळ्या लागल्यात आन आमी निघालो. आता तिला पानी कोन घालंल?" ती गेली आणि मी पुढच्या बाईला तसंच बसवून ठेवून लिहिलं:

कोयता बांधला गाठोड्यात, कुलूप लावलं दारी,
माझ्या गं शेवंतीला पाणी कोण घालंल तरी?

चाल शब्दांबरोबरच आली होती. भाऊंनी डबा उघडला, घास घेतला, गुणगुणले. घास गिळला आणि लगेच दुसरा घेतला. डबा संपेपर्यंत चाल काही थांबली नाही. मग म्हणाले, "हे गाणं तुमीच म्हना."

"माझा आवाज ऐकलाय का तुम्ही? भांडी घासल्यासारखा आहे."

"गिऱ्हाईकावर खवळता ना, तवा हेडफोन लावून बी ऐकू येतोय मला. भिंत फोडणारा आवाज हाय. असाच पायजे."

ही स्तुती होती, असं मी ठरवलं. पोत्यांच्या आणि वाकळांच्या त्या खोलीत पंखा बंद करून मी गायले. चुकले की भाऊ शांतपणे म्हणायचे, "पुन्यांदा." मी रडकुंडीला आले तरी "पुन्यांदा." शेवटी वैतागून, खरंच कुणाला तरी जाब विचारावा तशी शेवंतीची ओळ मी म्हटली आणि ते म्हणाले, "झालं. चहा घ्या."

आता गाणं ठेवायचं कुठे? भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर. एकदा गाणं तिथल्या डेकवर चढलं की सगळा हंगाम कारखान्याच्या रस्त्यावर वाजतं, टोळ्यांच्या तोंडी बसतं आणि परत येताना त्यांच्याबरोबर साऱ्या जिल्ह्यात उतरतं. रावसाहेब मुकादम आपल्या टोळीच्या ट्रॅक्टरसाठी पेनड्राईव्ह भरून घ्यायला येणार होते. त्यांनी घेतलं तर माझं गाणं निघालं. नाही घेतलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत ते गाणं मी आणि माझी भिंत, दोघींनीच ऐकायचं.

रावसाहेब म्हणजे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि त्यांत मावेल तेवढा माणूस. त्यांनी दारात उभ्या ट्रॅक्टरच्या डेकवर गाणं लावायला सांगितलं, दोन ओळी ऐकल्या आणि तोंड वाकडं केलं. "भानुदास, धडधड कुठंय बे? छातीत धडकलं पायजे. दिंद्रुडच्या स्टुडिओतला गडी बघ कसं वाजवून देतो."

"तुमी इंजनापाशी हुबं हाव. मागं बसून ऐका."

"मागं म्हंजी?"

"दुसऱ्या ट्रालीत."

मी आतापर्यंत भाऊंना कुणाशी अडून बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते अडले. डेकमधून पेनड्राईव्ह काढून घेतला आणि तो मुठीत धरून रस्त्यात उभे राहिले. रावसाहेबांनी आधी हसून बघितलं, मग रागावून, आणि लोक जमायला लागले तसे नाइलाजाने दुसऱ्या ट्रॉलीवर चढले. चढले म्हणजे दोघांनी वरून ओढलं आणि ड्रायव्हरने खालून लोटलं. पांढऱ्या विजारीला वंगण लागलं. भाऊंनी इंजिन सुरू करायला लावलं, रेस वाढवायला लावली आणि आधी दिंद्रुडचं एक गाणं लावलं.

"काय म्हणतंय?" भाऊ ओरडले.

"काय तरी धडधड," रावसाहेब वरून ओरडले.

मग माझं लावलं. रावसाहेबांनी हाताने कान पुढे केला. थोड्या वेळाने म्हणाले, "शेवंतीचं काय तरी झालंय."

"मग मागं बसल्याली बाई मानूस न्हाई का? तिला बी कळू द्या की, काय चाललंय ते."

रावसाहेब खाली उतरले, विजारीकडे बघितलं आणि म्हणाले, गाणं ठेव, पण माझं नाव पायजे. मला वाटलं, आता भाऊ फिसकटवणार. पण भाऊ कच्चे नाहीत. "नाव सुरवातीला घेतो. मोठ्यांदा घेतो. मग दार बंद. गान्याच्या आत कुनीच येनार न्हाई." सौदा ठरला. माझ्या शेवंतीच्या आधी आता 'रावसाहेब मुकादम, नाद करायचा न्हाई' असं एक वाक्य गरजतं. मला सुरुवातीला ते झोंबलं. पण वाट मिळायची तर टोलनाका लागायचाच.

सगळे गेल्यावर भाऊ वायरी गुंडाळत बसले. मी विचारलं, "दुसऱ्या ट्रॉलीचं काय एवढं घेऊन बसलात हो?"

ते वायरीकडेच बघत म्हणाले, "आई आन मी तिथंच बसायचो. ल्हान व्हतो. डेक पुढं, आमी मागं. नुसती धडधड यायची. आई इचारायची, काय म्हणतोय रं गान्यात? मला तरी कुठं कळत व्हतं? मग मी आपलं जुळवून सांगायचो. आमच्या शेळीचं, तिच्या फाटक्या लुगड्याचं, गावाकडं गेल्यावर काय खायचं त्याचं. धडधडीच्या ठेक्यात बसवून सांगायचो. आई हसायची. एकदा थंडीची लई रडत व्हती, तवा बी हसली."

"ते तुमचंच होतं, हे त्यांना कळलं नाही कधी?"

"न्हाई. अजून बी न्हाई. मी केल्यालं कोनतं बी गाणं ऐकवलं की म्हणती, आताच्या गान्यात काय राम न्हाई. आमच्या टायमाला ट्रॅक्टरवर लई चांगली गाणी लागायची."

मी हसले आणि मग माझ्या लक्षात आलं. एवढ्या मोठ्या बाजारात ह्या माणसाची स्पर्धा कुणाशी होती, तर स्वतःशीच, आणि तीही लहानपणीच्या. ते मात्र उठले, वायर खुंटीला लावली आणि म्हणाले, "हरवायचं हाय मला त्याला. हरवल्याबिगर सोडत नसतो."

टोळी निघाली त्या सकाळी मी पार्लर उघडलंच नाही. भानुदासभाऊ दुसऱ्या ट्रॉलीत, गाठोडी, पाट्या आणि बायामाणसांच्या गर्दीत बसले होते. मांजरसुंब्यापर्यंत जाऊन, खरोखर रस्त्यावर कसं वाजतंय ते ऐकून ते जीपने परतणार होते. रस्त्याच्या कडेला मागे राहणारी म्हातारी माणसं उभी होती. त्यांत त्यांची आई, गयाबाई. आता गुडघे गेल्यामुळे त्या तोडीला जात नाहीत, पण निरोपाला येतात. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

ट्रॅक्टर हलला. आधी रावसाहेबांचं नाव गरजलं. मग पहिली ट्रॉली गेली, मग दुसरी आमच्यासमोरून जायला लागली. इंजिन कण्हत होतं, बायका एकमेकींना हाका मारत होत्या, आणि त्या सगळ्यातून माझाच खरखरीत आवाज विचारत आला, माझ्या गं शेवंतीला पाणी कोण घालंल तरी.

गयाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि पाठमोऱ्या ट्रॅक्टरला मोठ्याने उत्तर दिलं.

"मी हाय की बाई. मी घालीन. तू जा बिनघोर."

मी लगेच भाऊंना फोन लावला. पलीकडून नुसता घरघराट. "भाऊ, आई बोलल्या. गाण्याला उत्तर दिलं त्यांनी."

"काय म्हनली? हितं कायच ऐकू येईना. काय म्हनली आई?"

मी भर हायवेवर, माझ्या त्या भिंत फोडणाऱ्या आवाजात ओरडले, "आई म्हणाल्या, मी घालीन पाणी."

घरघराटातून भाऊ म्हणाले, "ताई, आमच्या दारात शेवंती न्हाईच की. मांजरसुंब्याला रोप मिळतंय का बघतो."

"काय म्हनला गं?" गयाबाईंनी मला विचारलं.

"शेवंतीचं रोप आणतो म्हणाले."

"मग बादली भरून ठिवते," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवत घराकडे निघाल्या.