सुमन सिस्टरची निळी रेघ

आमच्या घोडेगावच्या दवाखान्यात निळ्या पेनाची खूण नसलेली वस्तू सापडणं अवघड. स्पिरिटची बाटली, चहाचं दूध, एकदा तर माझा सुजलेला पाय. सुमन सिस्टर रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "हितवर. आता उद्या बघू." दुधावरच्या रेघेपायी दोन कंपाउंडर काम सोडून गेले.

बारा वर्षांपूर्वी शेजारच्या गावची सात महिन्यांची कोमल आली. मांडीवर नागमोडी लाल रेघ, खाजेनं बेजार. मी एक नजर टाकली, गजकर्ण म्हणालो, मलम दिलं. सिस्टरनी त्या रेघेच्या टोकाशी पेन टेकवलं. मी डाफरलो, "सिस्टर, लेकरू आहे ते, दुधाचं पातेलं नाही."

"हितवर," त्या म्हणाल्या आणि आईला उद्या परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी लाल रेघ खुणेच्या बोटभर पुढे गेलेली.

"गजकर्न असं चालत न्हाई, डॉक्टर. आत काहीतरी जित्तं हाय."

मग आईकडून माहितीही त्यांनीच काढून घेतली. गुरांच्या बाजारात म्हैस विकेपर्यंत लेकराला लिंबाखालच्या मऊ मातीत निजवलं होतं, आणि तिथं कुत्र्यांची वस्ती. कुत्र्यांच्या विष्ठेतून मातीत आलेली जंताची अळी कातडीत शिरली होती. रेघ कशी सरकली ते चिठ्ठीत लिहून मी बाळाला नगरला पाठवलं. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एवढ्या लहान बाळाला पोटातून काही न देता जंताचं औषध मलमात कालवून लावलं. रेघ थांबली, वाळली.

त्यांचं मला पत्र आलं. कोमलचं नाव लिहून पुढे, 'आपण रेघेची चाल टिपलीत म्हणून निदान झालं.' मी ते फ्रेम करून टांगलं. टिपली कुणी, हे कुणालाच सांगितलं नाही. लोक वाचून मला मान देत, आणि सिस्टर रोज सकाळी काच पुसत. ते फडकं मला बारा वर्षं टोचत होतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी काम सोडलं. मी फ्रेम उतरवून पुढे केली. म्हणालो, "हे तुमचं होतं, मी लाटलं. आणि तुम्ही रोज पुसत राहिलात."

"तुमच्यासाठी कुठं पुसत हुते? ह्यात कोमलचं नाव हाय." घरी एकट्याच राहणाऱ्या सिस्टर काचेकडे बघत म्हणाल्या, "सातवीत गेलीय. शाळेच्या फाटकातून बघून येते कधीमधी. तिला काय ठावं, मी कोन."

त्याच दिवशी मी कोमलच्या आईला सगळं सांगितलं. अशी बाई माझ्या दवाखान्यात होती, हे सांगताना पहिल्यांदाच माझी मान ताठ होती. शुक्रवारी मायलेकी बाजाराला येतील, त्याआधी सिस्टरच्या घरी जाणार आहेत. पत्ता मी निळ्या पेनानं लिहून दिलाय.