मगरमिठी आणि मातोश्रींचा चहा

‘आचार्य, मगरीने गजेंद्राचा पाय हजार वर्षं धरून ठेवला, तोवर देव काय करत होते?’

ऐसा सवाल शके १९२५, सुभानुनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध दशमी, रविवारी, हुबळी शहरी, देशपांडे नगरातील मठात, भर प्रवचनात उभे राहून आम्ही केला. आम्ही म्हणजे कोण, तर सुमंतराव बँकवाले यांची कन्या दीपश्री, उमर पंधरा, दहावीची परीक्षा फत्ते करून निकालाकडे डोळे लावून बसलेली. सवाल आमच्या खुशीचा नव्हे. सावनी आणि प्रीती या दोघी जिवलग सरदारांनी पैज घातली की विचारून दाखव, चुरमुऱ्यांचे गिरमिट आणि चार मिरची भजी आमच्याकडून, न विचारल्यास जन्मभर भित्री भागूबाई म्हणू. आणि भजी म्हटल्यावर आमच्या घराण्यात माघारीचा दस्तूर नाही.

मागून एक अज्जी ‘सुम्म कूड गं’, म्हणजे गप बस, म्हणून आमचा दुपट्टा ओढू लागल्या. परंतु पुराणांचे खावंद वादिराजाचार्य रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि मग ऐसे आज्ञापिते जाहले की, बाळ, देवाचं मला ठाऊक नाही, तू देव असतीस तर काय केलं असतंस ते घरी जाऊन बघ. अवघी सभा हसली. आम्ही हसलो नाही, कारण गेले पंधरा दिवस आम्ही देवच होतो.

ती हकीकत येणेप्रमाणे. तीर्थरूप अप्पासाहेबांनी आमच्या पुढील अभ्यासास्तव संगणक नामे यंत्र हॉलमध्ये स्थापिले, आणि मातोश्रींनी त्यास हळदकुंकू वाहून क्रोशाची झूल घातली, आणि मग मावसभाऊ श्रीहर्ष याने एक सीडी आणून आत सारली, ती अभ्यासाची नव्हती. त्या खेळात खेळणारा तोच देव. एक बेट, बेटावर अडीचशे प्रजा, मध्ये तळे आणि तळ्यात मगर. मगरीने कोणाचा पाय धरला की तो धावा करी, आणि पडद्याच्या कोपऱ्यात भक्तीची निळी रेघ चढू लागे, आणि रेघ पुरती भरली की देवळास सोन्याचा कळस बक्षीस. मगर मारणे म्हणजे माऊसची एक टिचकी. परंतु लगेच टिचकी मारल्यास रेघ अर्धीच राही, सबब जाणते देव घाई करीत नसत.

आम्हीही जाणते होत गेलो. एके दिवशी लाल शालीची म्हातारी मगरीच्या तावडीत आली. तिचा धावा मोठा जोरकस. मग आम्ही म्हटले, अजून जरा; आणि मग, आणखी जरा; आणि मग स्वयंपाकघरातून चकल्या घेऊन येतो तो कळस झळकत होता आणि तळ्यावर नुसती शाल तरंगत होती. आम्ही चकली खाल्ली. कळस छान होता.

आता मातोश्री शकुंतलाबाईसाहेब यांचे वर्तमान. या चहाच्या थोर आश्रयदात्या. ऐशा मातोश्रींनी गुढीपाडव्यास नरसिंहासमोर नवस बोलला की दीपूला मेडिकलची सीट मिळेपर्यंत चहाला शिवणार नाही. सीट मिळालीच तर दोन वर्षांनी. नरसिंहाने चहा मागितल्याचा पुरावा कोणत्याही पुराणात नाही. परंतु दुसऱ्याच दिवसापासून मातोश्रींचे मस्तक ठणकू लागले, आणि रोज दुपारी चारच्या सुमारास त्या कपाळास सुंठेचा लेप लावून, वर फडके करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत निजू लागल्या. अप्पासाहेब दार लोटून चोरून चहा करीत. तरी वास जाई, आणि आतून क्षीण आवाज येई.

‘आलं घातलं का हो?’

‘थोडं. किसून.’

‘ठेचायचं असतं.’

येथे एक कलम लिहू नये ऐसे फार वाटते, तरी लिहितो. मेडिकलची सीट आम्हास नकोच होती. आम्हास इतिहास शिकावयाचा, हे गेल्या दिवाळीत मुक्रर जाहले होते. दोघी सरदारांस ठाऊक होते, घरी सांगितले नव्हते. सांगताच रण पेटले असते. शिवाय मातोश्री निजत म्हणून चार ते सहा संगणकावर आमचा अंमल. आणि दारावरून जाताना ते फडके दिसले की, खोटे कशास लिहावे, बरेही वाटे, की आपल्यासाठी कोणी इतके सोसते आहे.

तर प्रवचन सुटल्यावर गिरमिट खाल्ले, भजीही खाल्ली, पैज ती पैज, परंतु तिसऱ्या भज्याशी हात थांबला. लाल शाल डोळ्यांपुढून हलेना. मग चौथे प्रीतीस बहाल करून आम्ही घराकडे कूच केले, आणि ऐन चारच्या ठोक्यास मातोश्रींच्या खोलीवर चाल केली. अप्पासाहेब कपबशीनिशी दारात आडवे आले. ‘हळू, आई झोपली आहे.’

‘जागीच आहे,’ आतून आवाज आला. ‘काय गं?’

मग आम्ही फर्मान वाचले. आवाज कापत होता, ही नोंद दुसऱ्या कोणत्या दप्तरात सापडणार नाही.

‘आई, मला डॉक्टर व्हायचं नाही. निकाल काहीही लागू दे, मी आर्ट्सला जाणार, धारवाडला. इतिहास घेणार. तू ज्यासाठी नवस केलास ते मलाच नकोय. चहा घे.’

‘आर्ट्स?’ अप्पासाहेब म्हणाले, जणू आम्ही केलगेरीच्या तळ्यात उडी टाकण्याची परवानगी मागितली होती.

मातोश्री उठून बसल्या. फडक्याची गाठ सोडली. ‘कधी ठरवलंस हे?’

‘दिवाळीत.’

‘मग पाच आठवडे मी इथं डोकं धरून पडले होते, तेव्हा तू काय करत होतीस गं?’

मठातलाच सवाल, आणि या खेपेस उत्तर देणे आमच्याकडे आले. सबबी पुष्कळ होत्या. त्या बाजूस सारल्या.

‘कळस बांधत होते,’ आम्ही म्हणालो.

अप्पासाहेबांस काही उमगले नाही. मातोश्रींनी मात्र सोडलेल्या फडक्याची घडी घातली, आणि मग हळूच पुसले, ‘देवाला काय सांगू आता? बोललेला नवस असा मोडतात होय?’ मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि थोड्या वेळाने खलबत्त्यात आले ठेचल्याचा आवाज आला.

येणेप्रमाणे चारचा चहा सव्वा महिन्याच्या वेढ्यानंतर मुक्त जाहला. आमच्या बाजूस हानी: एक भजे. अप्पासाहेब ‘आर्ट्स’ हा शब्द पुटपुटत येरझाऱ्या घालीत आहेत, त्या आघाडीवर तह व्हावयाचा आहे. पातेल्यास पहिली उकळी आली तेव्हा आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, उभयतां मातापित्यांस ऐकू जाईल ऐशा आवाजात जाहीर केले:

‘नवस मोडल्याचा नारळ मी फोडणार. देवाला पण मीच सांगणार. उद्या सकाळीच, हजार वर्षं नाही लावत.’