जहाज बंदराला लागतं

रविवारी बार्रामोरची जत्रा, आणि गुरुवारी सकाळी आदेलिनो मिस्त्री चौकात गुडघ्यांवर बसून शहराचं बोधचिन्ह फरसबंदीत उतरवत होता. पांढऱ्या दगडांत काळ्या दगडांचा बुरूज, शेजारी शिडं फुगलेलं जहाज. चाळीस वर्षांत त्याने ठोकलेला एकही दगड कुणी उपटला नव्हता. हे शेवटचं काम, मग निवृत्ती.

"मिस्त्री," कॉफी घेऊन आलेला म्हातारा कप्तान फेलिस्बेर्तू म्हणाला, "शिडं पुढे फुगलीत आणि निशाण मागे फडकतंय. तुमच्याकडे वारा दोन्हीकडून येतो वाटतं?"

"तीनशे वर्षं असंच आहे, कप्तान."

"तीनशे वर्षांत दर्यावर्दीला कोणी विचारलं नसेल."

मिस्त्रीला ते लागलं. त्याने निशाण उपटून फिरवलं.

दुपारी मासळीवाली दोना झुल्मिरा टोपलीसकट थबकली. "अरे आदेलिनो, हे तर समुद्राकडे निघालंय. माझा नवरा असाच निघाला होता."

"बुडाला?"

"कसला बुडतोय. लिस्बनला दुसरं घर मांडलंय मेल्याने. जहाज परतीचं दाखव."

शुक्रवारी जहाज फिरलं.

"आता बुरुजावर आदळणार," कप्तान म्हणाला. "एवढी शिडं ताणून बंदरात शिरतं का कुणी?"

शिडं उतरली.

"नांगर?"

"कुठे टाकू?"

"बुरुजामागे. आडोसा तिथेच आहे."

मिस्त्री आता हट्टाला पेटला होता. शनिवारी संध्याकाळी जहाज रीतसर बुरुजामागे उभं राहिलं. दिसायला उरला नुसता बुरूज आणि मागून डोकावणारी डोलकाठ्यांची टोकं.

रविवारी जत्रेत नगराध्यक्षाने दगडांवरचा पडदा ओढला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "जहाज कुठंय?"

"लागलं बंदराला," मिस्त्री म्हणाला.

"उद्या सकाळी सगळं उपटा."

कप्तानाने खुर्ची आणून बुरुजावर मांडली. झुल्मिराने डोलकाठ्यांवर टोपली ठेवली. पाठोपाठ अर्धं गाव येऊन बसलं.

"उपटा की," ती म्हणाली. "पण जहाज बंदरातून काढायला भरती लागते. ती कधी आहे, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

नगराध्यक्षाला ठाऊक नव्हतं. निवडणूक मात्र कधी आहे ते पक्कं ठाऊक होतं. दगडांपेक्षा कागद बदलणं सोपं, असं त्याने ठरवलं. महिन्याभरात झेंड्यांवरून, शिक्क्यांवरून, कचऱ्याच्या गाड्यांवरूनसुद्धा जहाज गेलं.

परवा शाळेच्या नव्या बाई मुलांना चौकात घेऊन आल्या. "बघा, जहाज मुद्दाम लपवलंय. आपले पूर्वज मोठे विनयशील. वैभव मिरवायचे नाहीत."

बाकावर बसलेल्या कप्तानाने मिस्त्रीला कोपराने ढोसलं. "हे पूर्वज म्हणजे कोण हो?"

"आपणच," मिस्त्री म्हणाला. "गप बसा, ऐकू द्या."