चालण्याच्या ट्रॅकवर चालू नये

नांदेडच्या डॉक्टरांनी मृत्युंजयआप्पांना थंडीभर रोज सकाळी चालायला सांगितले आणि त्याच आठवड्यात त्यांच्या गावच्या नगरपंचायतीने चालण्यासाठी ट्रॅक बांधून पूर्ण केला. योग मोठा शुभ होता. फक्त फाटकाला कुलूप होते. उद्घाटनासाठी मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळाली नव्हती आणि त्याआधी कोणी चालले असते तर पाहुण्यांच्या हाती वापरलेला ट्रॅक आला असता.

आप्पा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हे कारण मनापासून पटले. पण रक्तातली साखर पाहुण्यांसाठी थांबायला तयार होईना. शेवटी एका पहाटे ते कानटोपी घालून निघाले आणि कुंपणाच्या भिंतीवरून कसेबसे आत उतरले. आत अर्धी गल्ली आधीच चालत होती.

पहारेकरी रेवणसिद्ध काठी घेऊन आला. माणूस मवाळ, पण हुकुमाचा ताबेदार.

"आप्पा, भाईर निघा. उद्घाटन व्हायचं हाय अजून."

एवढी एक फेरी होऊ दे, असे आप्पांनी सांगून पाहिले. रेवणसिद्धने काठी आपटली, तशी मंडळी पळत सुटली. पळता पळताच फेरी पूर्ण झाली.

मग हे रोजचेच झाले. वरातीतही जीपमधून न उतरणारे आप्पा धाप न लागता धावू लागले. अतिक्रमणाची गंभीर दखल घेऊन नगरपंचायतीने भिंत उंच केली, तर लोकांचे दंड पिळदार झाले. वर तारा ओढल्या, तर कंबरा लवचीक झाल्या. अखेर उपाययोजना म्हणून एक कुत्रे नेमण्यात आले आणि मागे रेंगाळणारेही पुढच्यांना गाठू लागले. आप्पांच्या पत्नी नीलाबाई गुडघ्यांमुळे देवळाची पायरी चढत नसत. त्याही एकदा पदर खोचून भिंतीवर बसलेल्या दिसल्या. रेवणसिद्धची पँट मात्र कमरेत राहीना. तो एका हाताने ती धरायचा आणि दुसऱ्या हाताने कायद्याची अंमलबजावणी करायचा.

आरोग्य शिबिरात सगळ्या गावाची साखर उतरलेली निघाली. न उघडलेल्या ट्रॅकमुळे जनतेच्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा झाल्याचे नगरपंचायतीने वर कळवले. वरचे इतके खूश झाले की पाहुण्यांनी लगेच तारीख दिली.

उद्घाटन थाटात झाले. चालण्याचे महत्त्व सांगून पाहुण्यांनी गाडीतूनच एक फेरी मारली. कुलूप निघाले, कुत्रे कार्यमुक्त झाले.

दुसऱ्या सकाळी आप्पा फाटकातून सरळ आत गेले. ट्रॅकवर चिटपाखरू नव्हते. रेवणसिद्ध खुर्चीतून उठून अदबीने म्हणाला, "चाला की आप्पा, निवांत."

आप्पा निवांत चालले. मागे कोणी नव्हते. अर्ध्या फेरीतच थंडी हाडांत शिरली. ते बाकावर टेकले, मग घरी आले आणि गोधडीत शिरले. बाकीचे तर घरातून निघालेच नव्हते.

महिनाभरात साखर पूर्वपदावर आली. आप्पांच्या पुढाकाराने शिष्टमंडळ मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. विषय कोणी काढावा यावर पुरुष मंडळी एकमेकांना पुढे ढकलू लागली, तेव्हा नीलाबाईच बोलल्या.

"साहेब, कुलूप लावा. उघड्या दारातून जायला आमच्यानं होऊन नाही राहिलं."

मुख्याधिकाऱ्यांना मागणी रास्त वाटली. पण उद्घाटन झालेली वास्तू अशी परस्पर बंद करता येत नाही, त्यासाठीही समारंभ लागतो, असे त्यांनी समजावले. पाहुण्यांची तारीख मागितली आहे. ती मिळेपर्यंत ट्रॅक नाइलाजाने सर्वांसाठी खुला आहे.

वाचकांनी आप्पांना हसायला हरकत नाही. फक्त हसण्याआधी, आपल्या दारापुढच्या रस्त्याला कोणते कुलूप आहे, तेवढे उठून पाहून यावे.