राजीवच्या भरवशावरचं विरजण

भाचीच्या लग्नाला पुण्याला निघताना कल्पनानं सावरडो म्हणजे आंबट पावाच्या विरजणाची बरणी नवऱ्याच्या हवाली केली, तेव्हा राजीव छाती फुगवून म्हणाला, "तू बिनधास्त जा." ओमानमधल्या जबल अख्दरच्या डोंगरावर अख्ख्या हॉटेलचं हीटिंग सांभाळणाऱ्या इंजिनिअरला एका बरणीचं काय ओझं? ती बरणी हॉटेलच्या मॅनेजरच्या बायकोनं कौतुकानं दिलेली, आणि भेटेल तिथे ती बाई विरजणाची खुशाली विचारायची. एरवी दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं हेही पुन्हापुन्हा बजावणारी कल्पना या वेळी "जमेल तसं कर" एवढंच बोलली. बायकोचा इतका विश्वास बघून राजीवला भरूनच आलं.

पण हिवाळ्यात तिथला गारठा असा, की खोबरेल तेलाचा दगड होतो. रोज पीठ-पाणी देऊनही विरजण ढिम्म हलेना. राजीवनं बरणीला कानटोपी घातली, शाल गुंडाळली, आणि तरी बुडबुडा येईना म्हणून कामावर जाताना ती हीटरला खेटून ठेवली. संध्याकाळी येऊन बघतो तर काय, बरणीतच पाव भाजला गेलेला!

आता आली का पंचाईत! कल्पनानं शेजारच्या किशोरीला, दह्याचं विरजण देतात तसं, यातलं वाटीभर दिलेलं. राजीव वाटी घेऊन तिच्याकडे गेला. तिनं आधी त्याला आत घेऊन दार लोटलं, मग हळूच सांगितलं, की तिचं तर पहिल्याच थंडीत खलास झालं.

"वहिनींना बोलू नका हं. त्या विचारतात तेव्हा मी खाली निझवा शहरातून आणलेलं डोशाचं पीठ दाखवते."

राजीवनं तेच पीठ मागून आणलं, त्यात कणीक कालवली आणि बरणी हीटरपासून हातभर लांब ठेवली. ते असं फसफसलं, की झाकण उडालं.

कल्पना परतली तशी बॅग उघडायच्या आत त्यानं बरणी तिच्यापुढे धरली. ती मटकन सोफ्यावर बसली.

"हे जिवंत आहे?"

"ठणठणीत."

"अरे देवा! याला रोज खाऊ घालून वीट आला होता मला. फेकून द्यावं, तर मॅनेजरच्या बाईंना काय सांगू? तुझ्या हाती आजवर मनीप्लांटसुद्धा जगला नाही, म्हणून तर निश्चिंत मनानं तुझ्याकडे दिलं होतं."

खरं सांगितलं तर संसारात पहिल्यांदाच मिळालेलं यश हातचं जाणार. राजीव बरणी तिच्या हाती देऊन शेजारी बसला. कल्पनानं उसासा टाकून बरणी त्याच्या मांडीवर ठेवली.

"हातगुण आहे हो तुझा. आता तूच सांभाळ हे. आणि बाई परवा चहाला येतायत, त्यांचा पावही तूच कर."